बॉल पायथनसाठी घर तयार करायचे आहे : सांगलीच्या गावभागात कोणती खोली आणि कशी पेटी योग्य?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्या दिरांचे एक स्नेही पुण्यात असतात. नोकरीनिमित्त ते परदेशी निघाले असून, त्यांनी पाळलेला बॉल पायथन जातीचा साप (आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर) नीट सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे सोपवावा, अशी त्यांची इच्छा आहे. साप नर आहे, वय तीन वर्षे, लांबी साडेतीन फुटांच्या आसपास आणि वजन सुमारे बाराशे ग्रॅम. माझी मुलगी अकरावीत आहे. पुण्याला गेलो की ती त्यांच्याकडे जाऊन त्याला हाताळायला आणि त्याची पेटी साफ करायला शिकते, मिळेल ते वाचते, त्यामुळे हा चार दिवसांचा हट्ट नव्हे याची आम्हा दोघांना खात्री पटली आहे. हे साप वीस ते तीस वर्षे जगतात हे तिनेच आम्हाला आधी सांगितले. ती पुढे शिकायला बाहेरगावी गेली तर सांभाळणारी मी असेन हे गृहीत धरूनच आम्ही होकार दिला आहे, आणि म्हणून प्रश्नही मीच विचारते आहे.

घरात एक अट मात्र घातली आहे, की त्याच्या राहण्याची सोय पुरी झाल्याखेरीज साप सांगलीला आणायचा नाही. अडचण तिथेच आली आहे. आमचे घर गावभागात, जुने आणि दुमजली आहे. खालच्या मजल्यावरची मधली खोली जाड भिंतींमुळे मे महिन्यातही त्यातल्या त्यात थंड राहते, पण २०१९च्या महापुरात तिथे छातीइतके पाणी आले होते. वरची खोली मोकळी आणि हवेशीर आहे, परंतु तिच्यावर पत्रा असल्याने उन्हाळ्यात दुपारी तिथे माणसालाही बसवत नाही. यांपैकी कोणती खोली निवडावी? पेटी काचेची घ्यावी की सुताराकडून लाकडी करून घ्यावी, आणि केवढी? वीज गेल्यावर काय करावे? कागदपत्रे काय लागतात? ज्यांनी महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या हवेत हे साप प्रत्यक्ष सांभाळले आहेत, त्यांनी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील. इंग्रजीत जे वाचायला मिळते ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेले असते आणि त्यांचा सगळा भर पेटी गरम कशी ठेवावी यावरच असतो.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, मी साताऱ्यात बॉल पायथन सांभाळतो, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यात जे आले आहे तोच आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही. ऊब हवी असेल तेव्हा तो उबदार जागी जातो आणि पुरे झाले की थंड जागी सरकतो. म्हणून पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड असावे लागते, आणि दोन्हीकडे त्याला संपूर्ण लपता येईल अशी जागा असावी लागते. उबदार टोकाला बसण्याच्या जागेचे तापमान ३१ ते ३२ अंश, थंड टोकाला २५ ते २७ अंश, आणि रात्रीसुद्धा २४च्या खाली नको, असे धरून चाला. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत मला उबदार टोक टिकवायची धडपड करावी लागते. सांगलीत तुम्हाला एप्रिल-मेमध्ये थंड टोक टिकवण्यासाठी तेवढीच करावी लागेल, आणि ते अधिक अवघड आहे. गरम करणारे उपकरण विकत मिळते, पण पेटी थंड करणारे सोपे उपकरण नाही. थंडी खोलीनेच पुरवावी लागते.

यावरून खोलीचा निर्णय होतो. पत्र्याखालची खोली नको. दुपारी तिथे चाळीस अंश झाले की पेटीची दोन्ही टोके चाळीसच होणार, आणि सापाला जायला जागाच उरणार नाही. ३५ अंशांच्या पुढे तो बेचैन होतो, पाण्याच्या भांड्यात जाऊन पडून राहतो, जाळीला नाक घासत राहतो. त्याहून वर तापमान काही तास राहिले तर तो दगावू शकतो. खालची मधली खोलीच घ्या. पुराचा विचार त्या खोलीतच करता येईल, त्याबद्दल इथले जाणकार सांगतील.

आता पेटी. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही मापे मी किमान मानतो, आणि तुमचा नर जवळजवळ पूर्ण वाढलेला असल्याने मधल्या काळासाठी लहान पेटी घेण्यात अर्थ नाही. काचेचे मत्स्यालय आणून वर जाळी टाकण्याचा मार्ग स्वस्त असतो, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातली सगळी दमट हवा वरून निघून जाते आणि चारही बाजूंनी काच असल्याने साप सतत उघड्यावर बसल्यासारखा दबून राहतो. सांगलीत चांगले सुतार आहेत. अठरा मिलिमीटर प्लायवूडची पेटी, आतून सनमायका, पुढे शोकेसला असतात तशा सरकत्या काचा आणि त्या काचांना शोकेसचेच कुलूप, एवढे सांगितले की त्यांना समजते. हवेसाठी एका बाजूला खाली आणि विरुद्ध बाजूला वर, अशा दोन जाळीदार खिडक्या ठेवायला सांगा, म्हणजे हवा पेटीतून वाहती राहील. आतले सगळे सांधे मत्स्यालयाला वापरतात त्या सिलिकॉनने भरून घ्या, नाही तर पाणी सांडून प्लायवूड फुगते. हे काम झाले की पेटी उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. चिकटद्रव्याचा किंवा वॉर्निशचा वास येत असताना त्यात साप सोडू नये, कारण त्याची फुप्फुसे नाजूक असतात आणि बंद जागेतल्या वाफांपासून त्याला कुठे पळता येत नाही.

लाकडी पेटी केल्यावर अनेक जण खालून हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावतात. ती अठरा मिलिमीटर लाकडातून वर ऊब पोहोचवत नाही, उलट लाकूड आणि मॅट यांच्यामध्ये उष्णता कोंडते. लाकडी पेटीत वरून टांगलेला सिरॅमिक हीटर चांगला. त्याला प्रकाश नसतो, त्यामुळे रात्रीही चालतो. होल्डर मात्र चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. हीटरभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप उबेकडे चढतो आणि गरम वस्तूला विळखा घालून बसला तर भाजले तरी लवकर सोडत नाही.

हीटर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान पाहून तो आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, एक दिवसही चालवू नका. खर्चात काटकसर करायची तर पेटीच्या सनमायकात करा, थर्मोस्टॅटमध्ये नको. आणि थर्मोस्टॅट लावल्यावर त्याच्या तारेच्या टोकाला जो छोटा धातूचा प्रोब असतो, तो कुठे बसवता याकडे फार लक्ष द्या. तो उबदार टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, भिंतीला क्लिपने पक्का करा. नुसता जमिनीवर ठेवला तर साप फिरताना तो ढकलतो. प्रोब थंड टोकाला किंवा पेटीबाहेर जाऊन पडला, की थर्मोस्टॅटला पेटी गार झाली असे वाटते आणि तो हीटर बंदच करत नाही. त्यावर पाणी सांडले किंवा सापाने घाण केली तरी हेच होते. म्हणून रोज पाणी बदलताना प्रोब जागेवर आहे का हे हाताने चाचपून पाहायचे, आणि तापमान मोजणाऱ्या पिस्तुलाने हीटरखालची जमीन वेगळी मोजायची. थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा हा प्रोबचा असतो, साप बसतो त्या जागेचा नसतो.

आतमध्ये सापाला अंग सगळीकडून टेकेल अशा घट्ट दोन लपणी ठेवा, एक उबदार टोकाला आणि एक थंड. मोठी, ऐसपैस गुहा माणसाला छान दिसते, सापाला ती सुरक्षित वाटत नाही. मातीची कुंडी उपडी घालून तिच्या कडेला दार कापले तरी चालते, पण कड घासून गुळगुळीत करा. तळाला नारळाच्या भुशाचा तीन इंच थर द्या. नर्सरीत मिळणारे कोकोपीट चालते, मात्र खत मिसळलेले नको. देवदाराचा भुसा अजिबात नको. पाण्याचे भांडे जड आणि सापाला आत बसता येईल एवढे असावे. मधल्या भागात फांद्या आणि कृत्रिम पाने भरपूर टाका, कारण पेटी मोठी असून मोकळी असेल तर तो लपणीतून बाहेरच पडत नाही.

उन्हाळ्यात मी काय करतो ते सांगतो. थर्मोस्टॅट आपोआप हीटर बंद ठेवतो, त्यामुळे तो काढून टाकायची गरज पडत नाही. दुपारी खोलीचे तापमान ३२च्या वर जाऊ लागले की पाण्याची बाटली गोठवून, जाड टॉवेलात गुंडाळून, थंड टोकाच्या छतावर बाहेरून ठेवतो. आत ठेवत नाही. कोरड्या दिवसांत खोलीत कूलर लावला तर तापमान आणि दमटपणा दोन्ही साधतात, मात्र कूलरचा झोत पेटीवर नको. दमटपणा एरवी ५५ ते ६५ टक्के असावा. सांगलीत एप्रिलच्या दुपारी तो फार खाली येतो, तेव्हा एका लपणीत ओले करून घट्ट पिळलेले मॉस (शेवाळ) ठेवा आणि कोकोपीटच्या खालच्या थरात कोपऱ्यातून थोडे पाणी ओता; वरचा थर कोरडाच राहिला पाहिजे. पावसाळ्यात नेमके उलटे करावे लागते. ऑगस्टमध्ये थर आपोआप ओलसर होतो, आणि सतत ओल्यावर बसल्याने सापाच्या पोटाखालचे खवले लालसर, तपकिरी होऊन त्यांवर फोड येतात. तेव्हा थर पातळ करा आणि लवकर लवकर बदला.

वीज गेल्यावर हिवाळ्यात घाबरू नका. काही तास तापमान उतरले तरी निरोगी साप सहन करतो. पेटीवर गोधडी टाका, पण हवेच्या खिडक्या झाकू नका. रात्रभर वीज येणार नसेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून उबदार लपणीच्या शेजारी ठेवा.

मिरजकर

कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण याबाबत इथे अनेकदा अर्धवट माहिती फिरते.

आपल्याकडचा कोणताही रानातला साप घरात ठेवता येत नाही. धामण, तस्कर, दिवड, मांडूळ, अजगर हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात, आणि त्या कायद्यात शिकार या संज्ञेमध्ये प्राणी पकडणेही धरलेले आहे. साप आपल्याच शेतात, आपल्याच उसाच्या फडात सापडला आणि तो बिनविषारी आहे, म्हणून फरक पडत नाही. मांडुळाला लाखो रुपये मिळतात किंवा तो घरात ठेवल्याने धन येते, अशा बोलण्याला भुलून आपल्या भागातली किती तरी मुले गुन्ह्यांत अडकली आहेत, आणि तो बिचारा प्राणी पिशवीत कोंडून मरतो.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप आहे, त्यामुळे वरची बंदी त्याला तशी लागू नाही. परंतु वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा जो साइट्स करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ही जात येते. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून अमलात आली, अशा परदेशी जातींसाठी आपल्या कायद्यात अनुसूची ४ घातली गेली, आणि तिच्यातला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक झाले. त्यासंबंधीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करायचा असतो आणि तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते.

तेव्हा पुण्याच्या गृहस्थांना पहिला प्रश्न हा विचारा, की त्यांच्या नावावर नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का. असेल तर हस्तांतराची नोंद त्यांनी आणि तुम्ही मिळून करायची. ते परदेशी निघून गेल्यावर हे काम कमालीचे किचकट होईल, म्हणून ते इथे असतानाच उरका. नसेल तर त्यांनी आधी स्वतःचे कागद सरळ करावेत. ती जबाबदारी तुम्ही अंगावर घेऊ नका. आणि पुढे कधी मादी आणून पिल्ले काढायचा विचार आला, तर त्याचे नियम आधी वनविभागाकडे विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट आहे, जी कायद्याची असली तरी सापाच्याही भल्याची आहे. कोणी कागदांशिवाय स्वस्तात अजगराचे पिल्लू देऊ केले तर त्याच्या जवळही जाऊ नका. आपला भारतीय अजगर दहा फुटांच्या पुढे वाढतो, त्याला कायद्याने सर्वांत कडक संरक्षण आहे, आणि त्याची जागा चांदोलीसारख्या जंगलात आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा दोघांचे मनापासून आभार. प्रमाणपत्राचे विचारले, त्यांच्याकडे ते आहे आणि हस्तांतराचे काम निघण्यापूर्वी करून देतो असे ते म्हणाले. खोलीचाही निर्णय खालच्या मजल्याचा झाला. आता दोन शंका राहिल्या. पुराच्या वेळी नावेतून बाहेर पडताना आम्हाला कपड्यांची एक पिशवी घेता आली होती, तेव्हा सापाची सोय कशी करायची? आणि दुसरी शंका सासूबाईंची आहे. त्या विरोधात नाहीत, पण शीतकपाटात उंदीर ठेवू देणार नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

शिराळकर

वहिनी, मी सर्पमित्र म्हणून काम करतो आणि पुराच्या दिवसांत सांगलीत घराघरांतून साप काढायला आलो आहे, म्हणून पुराबद्दल बोलतो.

कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयनेतून किती पाणी सोडले ते जाहीर होते आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी किती झाली ते तासातासाला कळते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सापाच्या बाबतीत धोका पातळीची वाट पाहायची नाही. पाणी चाळिशीकडे चढू लागले आणि पाऊस थांबत नाही असे दिसले, की साप उंचावरच्या भागातल्या नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे हलवायचा. नाव दारात आल्यावर सापाचा प्रश्न काढला तर बचाव पथकातली माणसे त्याला घेणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. कोणाकडे ठेवायचा ते जूनमध्येच बोलून ठेवा. त्यांची तयारी नसेल तर ती आधी कळलेली बरी.

हलवण्यासाठी शिवण पक्की असलेला सुती उशीचा अभ्रा घ्यायचा, तो उलटा करून घ्यायचा म्हणजे आतल्या सुट्या धाग्यांत सापाचे दात किंवा जीभ अडकत नाही. साप आत गेला की तोंड पिळून गाठ मारायची, आणि तो अभ्रा झाकणाला कडी असलेल्या, भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा. डब्यावर ठळक अक्षरांत ‘बिनविषारी पाळीव साप, बॉल पायथन’, तुमचा फोन क्रमांक आणि आत प्रमाणपत्राची प्रत. एवढ्यात तो एक-दोन दिवस सहज राहतो. पेटी मात्र चौथऱ्यावर उंच ठेवली म्हणून तो पुरात सुरक्षित राहील, असे धरू नका. २०१९ साली आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते.

आता याहून महत्त्वाचे. बॉल पायथनच्या अंगावर गडद तपकिरी रंगावर फिकट पट्टे आणि डाग असतात, आणि आपल्याकडे असा जाडजूड, डागांचा साप दिसला की लोक त्याला घोणस समजतात. तुमचा साप पेटीतून निसटून शेजारच्या वाड्यात गेला, तर काठी आधी पडेल. म्हणून काचेचे कुलूप प्रत्येक वेळी लावायचे, आणि शेजारपाजारच्या दोन-तीन घरांना हा साप आधी दाखवून ठेवायचा.

याची दुसरी बाजू तर जिवाशी गाठ आहे. गावभागात, नदीकाठी, घोणस खरोखरच येते, आणि पुरानंतर तर नक्कीच. पेटी उघडी राहिली आहे आणि न्हाणीघरात एक डागांचा साप बसला आहे, अशा वेळी मुलगी प्रेमाने ‘आपलाच आहे’ म्हणून हात घालेल. तिला आत्ताच बजावून ठेवा, की पेटीबाहेर दिसलेला कोणताही साप अनोळखीच समजायचा. घोणशीच्या पाठीवर कडा काळ्या असलेल्या लंबगोल डागांच्या तीन रांगा असतात आणि ती डिवचली की मोठ्याने सतत फुत्कारते. बॉल पायथन घाबरला की डोके मध्ये घेऊन अंगाचा गोळा करतो. हे माहीत असावे, पण त्यावर विसंबून हात घालू नये. दार बंद करा, दाराखाली टॉवेल लावा, दुरूनच फोटो काढा आणि सर्पमित्राला बोलवा, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळीव सापाच्या चाव्याला साबण-पाण्याने धुणे पुरते, पण चावणारा साप कोणता याची खात्री नसेल तर एक क्षणही न दवडता सिव्हिल गाठायचे. औषध तिथेच मिळते, आणि वेळ सगळ्यांत मोलाचा असतो.

नागपंचमीचेही सांगतो. आमच्या शिराळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, पण लोकांच्या मनातली श्रद्धा तशीच आहे, आणि घरात साप आहे हे कळल्यावर आयाबाया हळद-कुंकू आणि दुधाची वाटी घेऊन येतील. त्यांना मान द्या, काचेबाहेरून दर्शन घेऊ द्या, पण पेटीत काहीही टाकू देऊ नका. सापाच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे पूड सरळ डोळ्यांवर बसते. आणि दूध हे त्याचे अन्न नव्हे. तहानलेल्या सापाने ते घेतले तर आजारी पडतो.

खंबाटकी (शिरवळ)

मी पशुवैद्यकीय शिक्षण घेतले आहे. सांगलीत सरपटणाऱ्या प्राण्यांवर नियमित उपचार करणारे डॉक्टर सहज मिळत नाहीत, म्हणून साप येण्यापूर्वीच एक फोन नंबर हाताशी ठेवा. आपल्या भागात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा पुण्यात चौकशी करा, आणि सापांचे रुग्ण पाहणारे कोण आहे हे विचारूनच प्रवास करा.

घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या रोज पाहिल्या पाहिजेत. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज, तोंड उघडे ठेवून मान वर करून बसणे, नाकपुडीशी किंवा ओठांशी बुडबुडे, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. बहुतेक वेळा मुळाशी कमी तापमान किंवा सततची ओल असते, परंतु पेटी सुधारून हा आजार आपोआप बरा होण्याची वाट पाहू नये. प्रतिजैविके लागतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले तर ते गोचिडवर्गीय किडे असू शकतात. हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला नीट पाहा. माणसांसाठीची किंवा कुत्र्यांसाठीची कीटकनाशके सापावर कधीही मारू नका.

कात टाकण्याच्या आधी त्याचा रंग मळकट होतो आणि डोळे निळसर, दुधी दिसू लागतात. त्या दिवसांत त्याला दिसत कमी असते, म्हणून हाताळू नका आणि दमटपणा ७० टक्क्यांपर्यंत वाढवा. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात पडते. पडलेली कात लगेच टाकून देऊ नका. तिचा डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरा आणि डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक टोप्या शाबूत आहेत का ते पाहा. एखादी टोपी तिथे नसेल, भोकच असेल, तर ती सापाच्या डोळ्यावर अडकून राहिली आहे. ती नखाने किंवा चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नका, खालच्या डोळ्याला कायमची इजा होते. ओलसर टॉवेल घातलेल्या, हवा खेळत्या डब्यात त्याला तासभर ठेवा, पुढच्या कातीची वाट पाहा, आणि तरीही राहिली तर डॉक्टरांकडे न्या. शेपटीच्या टोकाला कातीची कडी अडकली तर मात्र लवकर सोडवावी लागते, कारण ती सुकली की आवळते आणि टोक मरते.

सासूबाईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. निरोगी सापाच्या आतड्यांतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. सापाला, पाण्याच्या भांड्याला किंवा खाद्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा घरात सर्वांसाठी नियम असावा, भांडे स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नये, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊ नये. वयस्कर व्यक्तींनीही ही काळजी घ्यावी.

पुण्याहून आणताना भर उन्हाळा टाळा. निदान आठवडाभर आधी त्याला खाऊ घालू नये असे त्यांना सांगा, पहाटे निघा, आणि वाटेत चहाला थांबलात तरी बंद गाडीत डबा सोडून उतरू नका.

अजिंक्यतारा (सातारा)

खाद्याचे राहिले होते. गोठवलेल्या उंदरांसाठी सगळ्यात लहान आकाराचा वेगळा फ्रीझर घ्या आणि तो सापाच्या खोलीतच ठेवा. जुना चालू स्थितीतला मिळाला तरी पुरेसा आहे. खाद्य पुण्या-मुंबईकडून बर्फात मागवावे लागते, त्यामुळे काही महिन्यांचे एकदम घेतलेले परवडते. घरात पकडलेला उंदीर कधीही देऊ नका, कारण त्याने आधी कुठे विष खाल्ले आहे हे आपल्याला कळत नाही. जिवंत उंदीरही नको. सापाने लगेच पकडला नाही तर उंदीर सापालाच कुरतडतो, आणि त्या जखमा फार वाईट असतात.

बाराशे ग्रॅमच्या सापाला साठ-सत्तर ग्रॅमचा एक उंदीर दोन ते तीन आठवड्यांतून पुरतो. आदल्या रात्री तो फ्रीझरमधून काढून घट्ट पिशवीत घालायचा आणि बर्फाच्या छोट्या थर्मोकोल डब्यात सावकाश वितळू द्यायचा, म्हणजे घरातल्या शीतकपाटाला हात लावावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात बुडवून अंगाइतका गरम करायचा, पुसून कोरडा करायचा आणि लांब चिमट्याने लपणीच्या दारासमोर धरायचा. मायक्रोवेव्ह नाही. पोटाच्या आतला भाग अजून गार आहे का ते बोटाने दाबून पाहा. आत बर्फ राहिला तर साप ते ओकून टाकतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलू नका.

नव्या घरात आल्यावर पहिला आठवडा मुलीने त्याला हातही लावू नये, फक्त पाणी बदलावे. त्यानंतर पहिले खाद्य द्यावे. त्याने नाकारले तर उंदीर टाकून द्यायचा आणि पुन्हा आठवड्याने विचारायचे. बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीच्या महिन्यांत कित्येक आठवडे खात नाहीत आणि तरी ठणठणीत असतात, त्यामुळे काळजी वाटली तर तारखेपेक्षा काट्याकडे पाहा. स्वयंपाकघरातला नव्हे, त्याच्यासाठी वेगळा वजनकाटा ठेवा आणि महिन्यातून एकदा वजन लिहा. दहावा हिस्सा वजन उतरले तर खंबाटकींनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टर.

पुण्याच्या गृहस्थांकडून प्रमाणपत्राबरोबर आणखी एक गोष्ट मागून घ्या : तो आजवर लहान जातीचे उंदीर (माऊस) खातो की मोठ्या जातीचे (रॅट), कोणत्या आकाराचे, किती दिवसांनी, संध्याकाळी की रात्री, आणि शेवटची कात केव्हा पडली, हे सगळे लिहून. हे साप ओळखीचे खाद्य सोडून दुसऱ्याला तोंड लावायला फार वेळ घेतात, म्हणून पहिले सहा महिने त्यात काहीही बदलू नका.